चुंबळ

“चुंबळ न्हाई घेतली व्हय तिनं?”

डिसेंबरातला रविवार, दिवेलागणीची वेळ. ताई दोन दिवसांसाठी गावाकडनं सांगलीला आली होती आणि येताना पिशवीभर ओला हरभरा घेऊन आली होती. नेहमीसारखी भिंतीला टेकून खालीच बसलेली, समोर परात, हात घाटे सोलण्यात. लेकीनं मोबाईल टीव्हीला जोडून बेल्जियममधल्या नामूरची शर्यत लावली होती. सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखल-गवतातल्या सायकल शर्यतींचा विश्वचषक, बायकांची शर्यत. तिकडे भर दुपार होती, पण उजेड असा मळकट की आपल्याकडचं आषाढातलं आभाळ आठवावं. टेकडीच्या पायथ्याशी एक मुलगी सायकलवरून उतरली. उतरली म्हणजे थांबली नाहीच. चालत्या सायकलवरून डाव्या अंगाला पाय टाकला, त्याच झोकात सायकल उजव्या खांद्यावर घेतली आणि घोट्याएवढ्या चिखलातून पळत चढ चढू लागली. ताईचा हात परातीवरच थांबला. आणि मग तिनं ते विचारलं.

लेक म्हणाली, “आत्या, चुंबळ कशाला लागतीय? सात-आठ किलोची तर असते ही सायकल.” ताई क्षणभर टीव्हीकडेच बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आपली केवढ्याची होती रे?” मी म्हटलं, “वीस किलोची तरी असेल.” “असंल,” ती म्हणाली आणि पुन्हा घाटे सोलायला लागली. एवढंच. शर्यत संपली, हरभऱ्याची उसळ झाली, जेवणं झाली. ताई सोमवारी सकाळच्या एसटीनं परत गेली. मला मात्र ती चुंबळ काही सोडेना. कारण ती मी पाहिली होती. जुन्या टॉवेलची, पीळ घालून गोल केलेली, कडेला आईनं दोन टाके घातलेली. मधोमध सायकलच्या दांड्यानं पडलेला खोलगट वळ.

नामूर हे शहर दोन नद्यांच्या संगमावर आहे. सांब्र आणि म्यूझ. संगमाच्या वर टेकडीवर जुना किल्ला आणि त्या किल्ल्याच्या उतारांवरून शर्यतीची वाट जाते. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथल्या घाटावर उभं राहून मला हल्ली हटकून त्या टेकडीची आठवण येते, तिथे मी कधी गेलो नसलो तरी. लेकीमुळे दोन हिवाळे मी हे बघतोय. थोडं थोडं कळायला लागलंय. अडीच-तीन किलोमीटरची फेरी, पुन्हा पुन्हा तीच. पुरुषांची शर्यत तासाभराची, बायकांची पाऊण तासाच्या थोडी वर. वाटेत गवत, वाळू, पायऱ्या, गुडघ्याच्या खालीपर्यंत येणाऱ्या आडव्या फळ्या, आणि पाऊस झाला असेल तर चिखलच चिखल. सगळ्यात अवघड जागा मला वाटते ती तिरप्या उताराची. वाट टेकडीला आडवी जाते आणि जमीन मात्र खाली घसरत असते. तिथे खेळाडू वरच्या बाजूचा पाय काढून जमिनीला लावत लावत जातात, ओल्या बांधावरून जाताना आपण हात टेकतो तसा. एक चाक सुटलं की माणूस आठ-दहा फूट खाली. मग उठून, सायकल ओढत, पुन्हा वर.

पण मला सर्वांत जास्त बघावीशी वाटते ती सायकल बदलायची जागा. चिखल फार असला की अर्ध्या-अर्ध्या फेरीला खेळाडू आत येतो, राडा झालेली सायकल सोडतो, दुसरी स्वच्छ सायकल उचलतो आणि दोन-तीन सेकंदांत बाहेर पडतो. सोडलेली सायकल घेऊन कुणीतरी धावत सुटतं, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतं, साखळीला तेल सोडतं आणि ती पुन्हा तयार ठेवतं. ते माणूस कित्येकदा खेळाडूचा बाप असतो, भाऊ असतो, नवरा असतो. कॅमेरा त्यांच्यावर फार थांबत नाही. स्वतः चिखलात माखलेले, ओले, आणि नजर सारखी वाटेच्या वळणावर, आपलं माणूस आलं का.

आमची वस्ती मळ्यात. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची पाणंद. वाळवा तालुक्यातली काळी जमीन कशी असते ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि मृग लागला की तीच माती पायाला अशी धरते की चप्पल आत राहते आणि पाय बाहेर येतो. हायस्कूल डांबरीवरून पुढे चार-पाच किलोमीटर. १९८३ साली ताई नववीत होती, मी तिसरीत. माझी शाळा डांबरीच्या कडेलाच, म्हणून पाणंदीपुरते आम्ही दोघं बरोबर. घरात सायकल एकच, आबांची, दांड्याची. त्याच सायकलवर ताई दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकली होती आणि मग उंची वाढल्यावर दांड्यावरून. मृग निघायच्या आधी आबा सायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवायचे. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये एकदा अडकली की चाक जागचं हलत नाही. तरीही फाट्यात, ब्रेकच्या काड्यांत गोळे बसायचेच. मग ताई बाभळीची काडी तोडून ते गोळे उकरायची. दहा पावलं झाली की पुन्हा उकरायची. तिसऱ्यांदा थांबावं लागलं की तिचं ठरायचं. दप्तरातून चुंबळ काढायची, उजव्या खांद्यावर ठेवायची, डाव्या बाजूला उभी राहून उजवा हात सायकलच्या तिकोनातून आत घालायचा, हँडल धरायचं आणि एका हिसक्यात सायकल वर.

मी मागून. माझ्याकडे दोन दप्तरं, तिच्या चपला आणि डोक्यावर पोत्याची खोळ.

परवा टीव्हीवर त्या मुलीचा हात बघितला तेव्हा मी सरसावून बसलो. तसाच तिकोनातून घातलेला उजवा हात, तसंच हँडल धरलेलं. फरक फक्त डाव्या हाताचा. तिचा डावा हात मोकळा होता, पळताना मागेपुढे होत होता. ताईच्या डाव्या हातात निळा परकर धरलेला असायचा. लेकीनं नंतर मला तिच्या सायकलचा दांडा खालून चाचपून दाखवला. या सायकलींत कित्येकदा तो खालच्या बाजूनं चपटा करतात, खांद्याला रुतू नये म्हणून. म्हणजे चुंबळ आता सायकलीतच घडवलेली असते. हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं केलं. खांदा लई काळानिळा पडायचा.” चाळीस वर्षांत हे तिनं पहिल्यांदा सांगितलं.

नववीनंतर ताईची शाळा सुटली. “पावसाळ्यात पोरीचे लई हाल होत्यात,” असं आबा म्हणाले आणि विषय संपला. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. पुढे मी पाचवीला हायस्कुलात गेलो आणि सायकल माझ्याकडे आली. त्या सायकलवर मी दहावी केली, अकरावी-बारावीलाही तीच. पाणंदीत मी ती ढकलत न्यायचो, नाही गेली तर वाटेत कुणाच्या तरी गोठ्यात लावून चालत जायचो. खांद्यावर मला ती कधी जमली नाही. ताईच्या हातातून काही घेतलंय ही भावना तेव्हा नव्हती. ती फार उशिरा आली, आणि आली तेव्हा तिच्याबरोबर तयार उत्तरही आलं : चिखल. माझ्या बहिणीची शाळा पाणंदीनं खाल्ली, असं मी कितीतरी ठिकाणी सांगितलंय. ग्रामसभेत उभं राहून सांगितलंय. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली सरकारनं मातोश्री योजना काढली तेव्हा अर्जाबरोबर गावातल्या माणसांना मी हीच गोष्ट ऐकवत फिरलो. आता आमच्या पाणंदीला खडी-मुरूम झालाय. पावसाळ्यात दुधाची गाडी थेट वस्तीवर येते. ते चांगलंच झालं, त्यात दुमत नाही.

म्हणूनच लेक पहिल्यांदा म्हणाली की मला चिखलातली शर्यत करायचीय, तेव्हा मला ते सहन झालं नव्हतं. त्याला आणखीही एक कारण होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या घरात होती. आयर्विन पुलावरची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी ते आकडे कुठल्या कुठे मागे पडले. पाणी उतरलं तेव्हा जो गाळ राहिला त्याचा वास अजून नाकात आहे. कुजलेलं धान्य, रॉकेल, मेलेली जनावरं आणि भिजलेली पुस्तकं, सगळं मिळून एकच वास. फावड्यानं ओढून ओढून तो बाहेर काढला. भिंतींवर कंबरेच्या वर आलेली रेघ पुढे दोन वर्षं रंगातून डोकावत होती. लेक तेव्हा आठ वर्षांची. तिच्या वह्या, खेळणी, सगळं त्या गाळात गेलं होतं. आणि तीच मुलगी पाच वर्षांनी मला सांगते, बाबा, चिखलात मजा असते. शेजारच्या काकूंनी तर तिला तोंडावर विचारलं, महापूर विसरलीस का गं? ती म्हणाली, “नाही विसरले. तो घरात आला होता. इथे मी जाते.” मला त्यावर बोलता आलं नाही. अमेरिकेत लुईव्हिलला २०१३ साली या खेळाची जागतिक स्पर्धा झाली, युरोपाबाहेर पहिल्यांदाच, ओहायो नदीच्या काठावर. नदी चढायला लागली म्हणून दोन दिवसांच्या सगळ्या शर्यती एका शनिवारी उरकल्या. लेकीनं ते मला मुद्दाम वाचून दाखवलं होतं. नदी कुणालाच विचारत नाही, पण म्हणून माणसं काठ सोडून जात नाहीत, हे सांगलीकरानं दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही. तरीही ते वाचून मला बरं वाटलं होतं.

लेकीची आणि तिच्याबरोबरच्या पोरांची शर्यतीची जागा म्हणजे नदीकडेची मळी. ऊस गेलेलं दोन एकर रान, मालकानं खोडवा न ठेवता मोडलेलं, नांगरट लांबणीवर. सायकलचं दुकान चालवणारा एक तरुण पोरगा या सगळ्याच्या मुळाशी आहे. त्यानं मालकाला विचारलं, त्यानं हो म्हटलं, अट एकच : बांध मोडायचा नाही. पहिल्या रविवारी अकरा पोरं होती. त्यात तीन मुली. फळ्यांच्या जागी बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या पाट्या, कडेला सुतळी आणि खुणेला खताच्या रिकाम्या गोण्या. पाऊस नसला तर मालक मोटर चालू करून एका सरीत पाणी सोडतो. सायकली म्हणाल तर नाना तऱ्हेच्या. दोघा-तिघांकडे वाकड्या हँडलच्या, बाकीच्यांच्या जाड टायरच्या गिअरवाल्या, आणि एकाची थेट दूध घालायची, क्यारेज काढलेली. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही. इथे टायर मोजायला कुणी जात नाही. २०२६ च्या जानेवारीत पुण्यात ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली तेव्हा यातली सात-आठ पोरं जीप करून बघायला गेली आणि परदेशी सायकलपटूंना हाताच्या अंतरावरून जाताना बघून आली. त्यानंतरच्या रविवारी मळीत तिसाच्या वर सायकली होत्या. आता एक-दोन आयाही येतात, स्टीलच्या डब्यात थालीपीठं घेऊन.

तिथे उभं राहून मला एक गोष्ट फार जाणवली. ही पोरं मातीबद्दल जे बोलतात ते मी लहानपणी शेतकऱ्यांकडून ऐकलंय. शर्यतीआधी वाटेवरून पायी फिरून यायचं, चिखल बोटानं दाबून बघायचा, मग टायरमधली हवा कमी करायची. किती कमी, यावर वाद. अंगठ्यानं टायर दाबून, मान वाकडी करून ती अशी विचारात पडतात की मला ढेकूळ मुठीत दाबून वाफसा आलाय का बघणारे आबा आठवतात. ताईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “पातळ राडा बरा रे, पाणी मारल्यागत निघून जातो. ऊन पडून अर्धा वाळला का घात. मग चाकाला लाडू चिकटत्यात.” लेकीला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, बेल्जियमचे खेळाडूही हेच सांगतात. कोरडं पडत जाणारं मैदान सगळ्यात वाईट.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन ताईकडे गेलो. परसात ती शेंगा फोडत बसली होती. मी बसलो. इकडचं तिकडचं झालं आणि मग मी ते काढलं. म्हटलं, पाणंद तेव्हा आतासारखी असती तर तू दहावी झाली असतीस. ती हसली नाही, रागावलीही नाही. शेंगा फोडत म्हणाली, “चिखलानं न्हाई सुटली रे शाळा.”

मी गप्प.

“डांबरीला पोचलं का मी पाटाच्या पाण्यात पाय धुवायची. तुला आठवतंय का, न्हाई का, तू शाळेत पळायचास. तिथं तवा चहाची टपरी हुती. कुणीतरी आबांना बोललं, पोरगी गुडघ्यावर परकर खोचून गडीमाणसावाणी सायकल खांद्यावर टाकून येती म्हनं. रोज चार मानसं बघत्यात. झालं.” तिनं मुठीतली शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, टरफल उडवलं. “चिखलाचं मला काय न्हवतं. खरं सांगू का, मला ते आवडायचं. पलीकडं जाऊन सायकल डांबरीवर टेकवली का अंग असं हलकं व्हायचं. वर्गात दुसऱ्या कुठल्या पोरीला यायचं न्हाई ते. पोरांस्नी बी न्हाई.”

घरी येताना एसटीत मी खिडकीशी बसून होतो. आष्ट्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस तुटायला लागलेला, ट्रॅक्टरच्या रांगा. चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीला दोषी धरलं ती गोष्ट तिला आवडत होती. आणि जे खरं होतं ते त्या टपरीवर चहा पीत बसलं होतं, माझ्या शाळेपासून पन्नास पावलांवर. आबांवर राग धरावा तर ते आता नाहीत, आणि त्यांच्यावर तेव्हा काय आलं असेल हेही मला कळतं. तरी राग आला. मग सायक्लोक्रॉसचंच काहीतरी मनात आलं. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५० पासून होते. बायकांची पहिली झाली २००० साली. म्हणजे ताई पाणंदीतून जात होती तेव्हा तिकडेसुद्धा बायकांसाठी ती शर्यत नव्हती. पुढे मारियान व्हॉस नावाची डच बाई आली आणि तिनं ती एकटीनं आठ वेळा जिंकली. लेकीच्या खोलीत तिचा फोटो आहे. गालावर, पापण्यांवर, दातांवर चिखल. नामूरच्या त्या चढावर दोरीच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटीनं उभी असतात, घंटा वाजवतात, नावं घेऊन ओरडतात. बायका खांद्यावर सायकल घेऊन त्यांच्या मधून जातात. बघणारे तिथेही आहेत. किती जवळून बघतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी ताई मळीत आली. मी बोलावलं नव्हतं, लेकीनं फोन करून बोलावलं. आल्या आल्या तिनं रान बघितलं, चप्पल काढून कडेला ठेवली आणि पायानंच चिखल चाचपला. “काल पाणी सोडलंय व्हय? दुपारला चिकटंल,” म्हणाली. बांधावरच्या बाभळीची काडी मोडली आणि पाण्याच्या बादलीशी जाऊन बसली. तीन फेऱ्या झाल्यावर लेक आली. चाकं भरलेली, साखळीतून कर्रकर्र आवाज. पोरांकडे बदलायला दुसरी सायकल नसते, म्हणून थांबूनच धुवावी लागते. ताईनं सायकल आडवी घेतली, फाट्यात काडी घातली आणि एका ओढीत अख्खा गोळा बाहेर काढला. मग मागचा. मग पायडलमधला. मग तांब्यानं दोनदा पाणी मारलं आणि “जा” म्हणाली. लेक गेलीसुद्धा. दुकानवाला पोरगा शेजारीच उभा होता. त्यानं ती काडी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवली.

त्यानंतर एकेक पोरगं ताईकडेच यायला लागलं. ती बोलत काहीच नव्हती, काडी चालवत होती. मध्ये मोकळी झाली की उठून सुतळीशी उभी राहायची, पदर खोचून. सेंट्रिंगच्या पाट्यांच्या अलीकडे, जिथे सगळ्यांना उतरावं लागतं तिथे. एक नवीन मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची, पंजाबी ड्रेसची ओढणी कंबरेला बांधलेली. ती प्रत्येक वेळी उजवीकडून उतरत होती, साखळीच्या बाजूनं. सलवारला काळे पट्टे पडले होते. दोनदा ताईनं नुसतं बघितलं. तिसऱ्यांदा ती वळणावर दिसली तेव्हा ताईनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आमच्या मळ्यातून एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारतात तशी हाक मारली, “ए पोरी, डाव्या अंगानं उतर! चेन लागंल!”

मुलगी दचकून बघत पुढे गेली. पुढच्या फेरीला ती डावीकडून उतरली.